माझ्या मापाचा कामठा

नाशिकला, गंगापूर रोडला माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. आत ट्रायलचा पडदा आहे आणि पडद्यामागच्या कोपऱ्यात दोन लाकडं उभी आहेत, माझ्या भुवईपर्यंत येतील एवढी. बायका ब्लाऊज घालून बघायला आत गेल्या की हटकून विचारतात, "ताई, ह्या काठ्या कशाला? चोर आला तर का?" मी म्हणते, "नाही हो, घाई करणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी." त्या हसतात. मीही हसते आणि टाचण्या तोंडात धरते, म्हणजे पुढचं बोलावं लागत नाही.

त्या काठ्या नाहीत, कामठे आहेत. धनुष्याला आमच्याकडे कामठा म्हणतात. अजून पुरे झालेले नाहीत आणि आता होणारही नाहीत, कारण करणारा गेला. बा जाऊन दोन पावसाळे झाले. लोक म्हणतात हळूहळू सवय होते. मला तर उलटंच झालंय. आधी दिवसातून एकदा आठवायचा, आता कात्री हातात घेतली तरी आठवतो.

आमचं गाव पेठच्या बाजूला, सावळघाट उतरून पुढे, फाट्यावर उतरलं की अर्धा तास पायी. बा नागली, वरई, थोडा भात करायचा. पण गावात त्याची ओळख कामठेवाला म्हणून. शिकार कधीचीच बंद झाली होती, तरी प्रत्येक घरात दारामागे एक कामठा टांगलेला असायचा. लग्नात, मिरवणुकीत खांद्यावर घ्यायचा. आणि कामठा ज्याचा त्याच्याच मापाचा. माणसाला दारात उभं करायचं, जमिनीपासून भुवईपर्यंत लाकूड लावायचं, मूठ त्याच्या मुठीची धरायची. शेवटी वाकवून बघतानाही तोच माणूस समोर लागायचा. त्याच्याच हातानं ओढून बघायचं, जिथं जड जाईल तिथं बा काचेच्या तुकड्यानं खरवडायचा, परत ओढायचं. दोन-तीन दिवस हेच. आणि वाढत्या अंगाला कामठा करायचा नाही, हा बाचा नियम. पोर वाढतंय तोवर नुसतं लाकूड राखून ठेवायचं.

मी एकुलती एक. सगळ्या गावाला कामठे आणि मला नाही म्हटल्यावर मी आठवड्यातून एकदा तरी भोकाड पसरायची. आई म्हणायची, "पोरीला कशाला गं कामठा? सासूला मारायला?" बा म्हणायचा, "करीन. तुझी वाढ थांबू दे." त्यानं बांधावरच्या धामणीच्या झाडाची एक फांदी माझ्या नावानं तोडून, फाडून, चुलीवरच्या माळ्यावर धुरात ठेवली होती. दरवर्षी नागली घरात आली की मला दाराला टेकवून उभं करायचा आणि त्या लाकडावर कोळशाची खूण करायचा. मी टाचा उचलायची. तो डोक्यावर टप्पल मारायचा आणि म्हणायचा, "खोटं माप नाय चालत."

सतराव्या वर्षी वाढ थांबली आणि त्याच वर्षी मी शिवणकाम शिकायला नाशिकला आले. झालं, राहिलंच. शिकले, दुसऱ्याच्या दुकानात हात बसवून घेतला, लग्न झालं, मुलगा झाला, स्वतःचं दुकान टाकलं. गावाला जायचं ते दिवाळीला आणि शिमग्याला. सकाळी जायचं, दुसऱ्या दिवशी परत. त्यात कामठ्याला दोन-तीन दिवस कुठून आणायचे? बाला फोन लावला की तो सांगायचा, पाऊस झाला, गाय व्यायली, बरं ठेवतो. "ये" असं कधी म्हणाला नाही. जास्तीत जास्त म्हणजे, "जमलं तर बघ." मला वाटायचं, ह्याला काही पडलेली नाही. आणि मी पण कमी नाही, म्हातारा बोलवत नाही तर मी तरी कशाला जाऊ, असं चक्क म्हणायची. लाज वाटते आता.

मग एकदा एका नवरीची मापं घ्यायला तिच्या घरी गेले होते. भारी फ्लॅट. हॉलच्या भिंतीवर धनुष्य लावलेलं, कुठल्यातरी प्रदर्शनातून आणलेलं. नायलॉनची दोरी, त्याला गोंडे, वर सोनेरी रंग. मी न विचारता हात लावला. वजनच नाही! दोरी ओढली तर लाकूड ढिम्म. माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, ह्याच्यावर टॉवेल वाळत घाला, तेवढ्याच कामाचं आहे." नवरीच्या आईचं तोंड असं झालं की ते काम हातचं गेलं. पण रिक्षात बसल्यावर मला रडूच आलं. चाळिशी उलटलेली बाई, हातात टेप, आणि रिक्षात रडतेय. रिक्षावाला आरशातून बघत होता.

तिथूनच फोन लावला. "बा, माझा कामठा राहिला."

मग म्हणाला, "आता? हात थरथरतो माझा."

"म्हणून तर म्हणते. तुझ्या हातानं नाही झाला तर परत कुणाच्याच हातानं होणार नाही. माझं ते जुनं लाकूड आहे ना माळ्यावर?"

"त्याला भुंगा लागला. चुलीत घातलं."

"मग दुसरं तोड."

"दिवाळी होऊ दे. अंधाऱ्या पक्षात तोडू, म्हंजी कीड लागत नाय. तू जमलं तर बघ."

मी जमवलं. दिवाळीनंतरच्या अंधाऱ्या पक्षातल्या एका रविवारी सकाळी आम्ही बांधावर गेलो. बा धामणीभोवती इतक्या फेऱ्या मारत होता की मी वैतागले. अखेर दंडाएवढी एक फांदी निवडली, कोयत्यानं तोडली, पाचरी ठोकून उभी फाडली. मी आपली सवयीनं टेप काढून, खडूनं सरळ रेघ मारायला बसले. त्यानं खडू काढून घेतला. "रेघ नाय मारायची. लाकडाची शीर जिकडं जाईल तिकडं जायचं." हे मात्र मला लगेच पटलं. कापडालाही उभा धागा आडवा धागा असतो, तो सोडून बेतलं की ब्लाऊज कुठंतरी ओढतोच. फांदीची जी बाजू सालीकडची ती कामठ्याची पाठ. तिची साल हातानं सोलली, पण पात्याचं टोकसुद्धा लावू दिलं नाही. तासायचं ते पोटाकडून, म्हणजे आतल्या बाजूनं. मध्येच एक गाठ होती, मी म्हटलं, ही काढून टाक, दिसायला बरं दिसेल. बा म्हणाला, "गाठीला हात नाय लावायचा. तिच्याभवती मांस ठेवायचं. तासलीस की तिथंच मोडंल." मग दोन्ही टोकांना शेण लिंपलं, म्हणजे पाणी टोकांतून भसकन बाहेर पडून लाकूड उलत नाही, आणि पडवीतल्या खुंट्यांवर ते आडवं ठेवलं. मी म्हटलं, माळ्यावर धुरात ठेवूया की. तर म्हणाला, माळ्याच्या फळ्या कुजल्यात, चढू नको.

"कधी वाळेल?"

"बघू. आठ-आठ दिसांनी बघावं लागंल."

असे रविवार सुरू झाले. नवरा म्हणाला, "रविवारी दुकान बंद? आणि ते पण एका काठीसाठी? डोकं फिरलंय तुझं." फिरलं तर फिरलं. सकाळची पेठ एसटी, घाटात पोटात ढवळणारच, फाटा, अर्धा तास पाय तोडायचे. पोचले की आई चहा टाकायची आणि बा खुंटीवरून लाकूड काढून माझ्या गालाला लावायचा. वाळलं की नाही बघायची ही त्याची रीत. "हाताला कळत नाय, हात निबर झालेत. गालाला कळतं. गार लागतं का?"

लागायचं. खरंच गार लागायचं, पाण्याचा तांब्या लावल्यासारखं.

"वलं हाय अजून," बा म्हणायचा. "पुढल्या वेळी बघू." आणि लाकूड परत खुंटीवर. मग काय, दिवस मोकळा. आम्ही वरईच्या शेतात जायचो, बांध घालायचो, नाहीतर नुसते पडवीत बसायचो. बा बोलका नव्हताच. पण शेजारी बसून नागलीची भाकरी खायची, मध्येच तो म्हणायचा, "तू लहानपणी ह्याच दगडावर पडली होतीस," आणि परत गप्प. माझ्या बापाशी मी आयुष्यात जेवढं बोलले नव्हते तेवढं त्या रविवारी बोलले, आणि त्यातलं निम्मं असं दगडांबद्दल.

पण माझा स्वभाव. चैत्र आला तरी "वलं हाय". मी चिडले. "बा, मी सणावाराच्या दिवसांत एका दिवसात सहा ब्लाऊज काढते. तुझं हे एक लाकूड वाळेना? दे इकडं. आमच्या गच्चीवर आठ दिवसांत खडखडीत वाळेल." मला वाटलं तो नाही म्हणेल. पण त्यानं लाकूड खुंटीवरून काढलं. फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिलं.

गच्चीवर, उन्हाळ्याचं ऊन, तापलेली फरशी. शेणाचा लेप मीच धुऊन काढला होता, गच्ची घाण होते म्हणून. तिसऱ्या दिवशी कपडे वाळत घालायला गेले तर लाकूड टोकापासून मधल्या गाठीपर्यंत उललेलं. फटीत बोट जाईल एवढं. मी तिथंच फरशीवर बसले. शिवण चुकली तर उसवता येते, कापड कमी पडलं तर पट्टी जोडता येते. ह्याचं काय करणार?

पुढच्या रविवारी ते तसंच बाच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हटलं, "मी घाण केली. मार मला." बा ते हातात फिरवत राहिला आणि मग चक्क हसला. म्हणाला, "आसू दे. दिवाळीला दुसरं तोडू." मला तेव्हा त्याच्या हसण्याचा इतका राग आला! वाटलं, माझी फजिती बघून हसतोय.

"आणि तोवर?"

"तोवर दोरीचं बघू. दोरी अंबाडीच्या वाखाची पायजे. अंबाडी पेरावी लागंल."

"पेरावी? बा, बाजारात मिळते की दोरी!"

"ती गोणपाटाची. ती नाय चालत."

घ्या! मग पावसाळ्यात बांधाला अंबाडी पेरली. ती माझ्या डोक्याएवढी वाढेपर्यंत दर रविवारी जाऊन बघायची. कापली, ओढ्यात दगडाखाली भिजत घातली, कुजवली, त्या वासानं एसटीत माझ्या शेजारी कुणी बसेना. धागे काढले, धुतले, वाळवले. मांडीवर दोरी वळायला बानं शिकवलं. माझा पीळ उलटा पडायचा, तो सोडवायचा, परत माझ्या हातात द्यायचा. त्याचा उजवा हात आता भाकरी मोडतानाही हलायचा. चहा पिताना तो कप दोन्ही हातांनी धरायचा आणि मी दुसरीकडे बघायची. हात राहील का तोवर? बसमध्ये हाच हिशेब घालत जायचे, दिवाळीला तोडणार, मग चार-पाच महिने वाळणार, मग तासणार. तोवर राहू दे देवा, एवढा एक कामठा होऊ दे. बाकी काही मागत नाही.

दिवाळीनंतर दुसरी फांदी तोडली. ह्या वेळी कोयता मी चालवला, तो नुसता दाखवत होता. परत शेण, परत खुंटी, परत गाल.

"गार लागतं का?"

"लागतं."

"वलं हाय."

शिमग्याच्या आदल्या रविवारी गेले तेव्हा बा अंगणात बसला होता. आई शेजारणीकडं जातं मोकळं आहे का बघायला गेली होती. मला पुरणासाठी मोठं पातेलं हवं होतं, आणि आई ते माळ्यावर ठेवते हे मला माहीत होतं. फळ्या कुजल्यात हे मी विसरलेच. शिडी लावली, चढले. फळ्या चांगल्या सागाच्या, ठणठणीत. पातेल्यामागे आईच्या जुन्या लुगड्यात काहीतरी लांब गुंडाळलेलं होतं. सोडलं.

माझं लाकूड होतं. तेच ते. पाठीवर कोळशाच्या खुणा, एकाखाली एक, सगळ्यात वरची माझ्या सतराव्या वर्षाची. भुंगा नाही, कीड नाही, काही नाही. धुरानं तपकिरी झालेलं, पोटाकडून तासून, काचेनं खरवडून, टोकांना दोरीच्या खाचा पाडून ठेवलेलं. मूठ सुद्धा बांधलेली. फक्त दोरी लावून माझ्या हातात द्यायचं तेवढं बाकी. मी मुठीत धरलं. बरोब्बर बसलं.

खाली आई येऊन उभी होती. वर बघून म्हणाली, "ठेव तिथंच."

"आई, हे तर झालेलं आहे!"

"तू नाशिकला गेलीस त्याच वर्षी केलंय. दर शिमग्याला काढून पुसायचा, बसवायला तू दोन दिस राहशील म्हून." ती पदरानं हात पुसत होती. "आणि मग तू फोन केलास. म्हणाला, हे दिलं तर दोन दिसात घिऊन जाईल."

तळपायाची आग मस्तकात गेली. दीड वर्ष! घाटातल्या उलट्या, दुकान बंद, अंबाडीचा वास, नवऱ्याची बोलणी, आणि ते लाकूड उललं तेव्हाचा तो जीव जाळणारा आठवडा! दर रविवारी हा माणूस मला गंडवतोय! आणि मी! दुकानात उभी राहून दिवसातून वीसदा सांगते, "ताई, फक्त हूक लावायचे राहिलेत, उद्या या." कपाटात ब्लाऊज तयार असतो, नाहीतर कापडाला कात्रीही लागलेली नसते. ज्या बाईचा जन्म असल्या थापा मारण्यात गेला तिला समोरची थाप ओळखता आली नाही. मी लुगडं गुंडाळलं, लाकूड होतं तिथं ठेवलं आणि भांडायला म्हणून ताडताड अंगणात गेले.

बा फणसाच्या सावलीत बसला होता. नवं लाकूड त्यानं खुंटीवरून काढून आणलं होतं आणि ते मांडीवर आडवं घेऊन वाट बघत होता. मला बघितल्यावर उठायला गेला, जमलं नाही, परत बसला. मग लाकूड दोन्ही हातांनी उचलून माझ्यापुढे धरलं. ते इतकं हलत होतं की मलाच ते धरून गालाला लावावं लागलं.

लाकूड कोमट होतं. चांगलं वाळलेलं, हलकं, अंगणातल्या उन्हाएवढं कोमट. दीड वर्षात एवढं तर मला कळायला लागलं होतं. बोटानं टिचकी मारली असती तर खणकन वाजलं असतं. आज दुपारी पोटाकडून तासायला घेतलं असतं तर पुढच्या रविवारपर्यंत माझा कामठा झाला असता, नव्या लाकडाचा, त्याच्या हातानं, मला हवा होता तसा.

बा माझ्याकडे बघत होता. डोळ्यांवर मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा तो काळा चष्मा, त्यामुळे डोळे दिसत नव्हते. पण हनुवटी दिसत होती. लहानपणी मी दाराला टेकून उभी असायचे आणि तो खूण करायला वाकायचा, तेव्हा माझी जशी वर ताणली जायची तशीच ती ताणलेली होती.

"गार लागतं का?" त्यानं विचारलं.

भांडण घशापर्यंत आलं होतं. गिळलं.

"लागतंय, बा," मी म्हटलं. "वलं हाय अजून."

त्यानं लाकूड माझ्या हातातून घेतलं आणि स्वतःच्या गालाला लावलं.

"व्हय," म्हणाला. "लयच वलं हाय."

मग लाकूड मांडीवर ठेवलं, आणि मी एवढी मोठी झाले तोवर जे त्याच्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं ते म्हणाला.

"पुढल्या रविवारी ये."